कमावलेलं वजन

४ फेब्रुवारी

परत वाढलं!

काटा चुकला असेल म्हणून तीनदा उतरले, तीनदा चढले. मग काटा उचलून बाथरूममधून बाहेरच्या खोलीत आणला. तिथे तर आणखी शंभर ग्रॅम जास्त! महिना झाला, साखर नाही, तळलेलं नाही. बेकरीत दिवसभर बिस्किटांचे ट्रे हाताखालून जातात, त्यातला एक चुरा जिभेवर ठेवलेला नाही. रोज सकाळी चालते. दिवसाआड व्यायामशाळा. आणि वजन वर! खाणाऱ्याचं वाढतं ते समजतं. न खाणाऱ्याचं कुठून वाढतं? हवेतून?

नुसतं जाड होण्याचं असतं तर काटा माळ्यावर फेकला असता. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कोण बघायला येणार आहे! पण हे बारक्यासाठी आहे. धाकट्या भावाचं लिव्हर संपत आलंय. जन्मात थेंब घेतला नाही त्याने, तरी लोक विचारतात — "किती प्यायचा?" त्याला माझ्या लिव्हरचा मोठा भाग द्यायचा ठरलाय. रक्त जुळलं, नसा जुळल्या, आणि गाडी अडली कुठे? माझ्या लिव्हरला चरबी चढलीय! सर्जन म्हणाले, "असं लिव्हर कापलं तर तुम्हालाही धोका, त्यालाही. मार्चमध्ये पुन्हा फोटो काढू. तोवर चरबी उतरवा. वजन उतरलं की बहुतेक तीही उतरते."

बहुतेक. उतरायचं सोडून चढतंय.

६ फेब्रुवारी

आज बेकरीत भट्टीवाले काका म्हणाले, "ताई, तुमचं पिठासारखं झालंय. झाकून ठेवलं की फुगतं." सगळे हसले. मीही हसले. त्यांना अजून माहीत नाही मी कशासाठी खाणं सांभाळतेय. सांगितलं की लोक आवाज बारीक करून बोलायला लागतात. ते नको.

पण आज सर्जनांनी जानेवारीत सांगितलेलं पुन्हा आठवत बसले. त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून लिव्हर दाखवलं होतं, मग एक तळवा काढून घेतला. म्हणाले, "एवढं आम्ही घेणार. उरलेलं पुन्हा वाढतं. दोन-तीन महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढं. आणि भावाच्या पोटात गेलेला तुकडासुद्धा वाढतो, त्याला पुरेल एवढा."

मी विचारलं, "आणि पुरेसं झालं, आता थांब — हे त्याला कोण सांगतं?"

ते हसले. म्हणाले, "थोडं कळलंय आम्हाला. पुरतं नाही."

एवढी वर्षं हे माझ्या बरगड्यांखाली बसलंय. मला पत्ताही नाही! हात कापला तर खपली धरते, एवढंच माहीत होतं. अर्धा अवयव काढून न्यावा आणि त्याने तक्रार न करता परत स्वतःला घडवावं... मी दिवसभर पीठ मळते, आकार देते. इथे मात्र कुणी मळत नाही, कुणी आकार देत नाही.

९ फेब्रुवारी

आईकडे गेले. आई बारक्याकडेच असते. दार उघडल्या उघडल्या मला खालून वर पाहिलं. "चोरून खातेस का गं?"

"नाही गं आई."

"खाई त्याला खवखवे. बेकरीत कोण बघतंय!"

असं चिडले! मग लक्षात आलं, ती मला नाही विचारत. ती विचारतेय, माझा मुलगा वाचेल ना?

बारक्या आतून ओरडला, "आई, तिला बोलू नको. ती मला काळजाचा तुकडा देणारेय. तू नुसतं तोंडाने म्हणत होतीस लहानपणी, ही खरोखर कापून देणार!"

आईला हसू आलं, मग रडू आलं. आमच्या घरात दोन्ही एकाच दारातून येतात.

१५ फेब्रुवारी

बारक्याच्या पोटातलं पाणी काढलं आज. सुई घालून. बादली भरायला आली. मी बाजूला उभी होते. पाणी नितळ, फिकं पिवळं, मधासारखं. डोळे हलेनात माझे. एवढं पाणी घेऊन हा माणूस जिने चढत होता?

मागे महिनाभर त्याचं वजन वाढत होतं म्हणून भावजयीला वाटत होतं, अंगी लागतंय. पाणी निघाल्यावर जो उरला तो — खांदे हँगरसारखे. लिफ्ट दुरुस्त करायचा हा. लोखंडी दोर खांद्यावर टाकून दहा मजले चढायचा. आता शर्टाची बाही रिकामी वाटते. हात आहे आत, तरी रिकामी.

पट्टी लावता लावता म्हणाला, "ताई, तुझंही वाढतंय ना? बरंय. दोघं मिळून फुगू."

त्याचा काटा पाणी मोजत होता. माझा काय मोजतोय?

१९ फेब्रुवारी

आणखी पाचशे ग्रॅम. नको लिहायला.

२० फेब्रुवारी

काल रागाने लिहिलं. आज नीट लिहिते. आहार सांगणाऱ्या बाईंनी जे दिलंय ते जसंच्या तसं खाते. सकाळी दोन अंडी. दुपारी उसळ, पालेभाजी, एक पोळी. संध्याकाळी मासे नाहीतर डाळ, काकडी-टोमॅटो. भात बंद. भाताशिवाय जेवण म्हणजे लग्नात नवराच नाही! पण सोडला. व्यायामशाळेत ती काटकुळी पोरगी आहे, गळ्यात शिट्टी घालून फिरते — सगळे तिला शिट्टीच म्हणतात. पहिल्या दिवशी तिने रिकामा लोखंडी दांडा दिला, तो माझ्याने छातीपर्यंत गेला नव्हता. आता दोन्हीकडे चकत्या चढवते. "मावशी, अजून एक! मावशी, रडायचं नंतर!"

मी म्हटलं, अगं वजन वाढतंय माझं. ती म्हणाली, "वाढू दे की." तिला काय जातंय.

२४ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहावं की नको.

बारक्याकडे जेवायला थांबले. भावजय वाढत होती. माझ्या ताटाकडे बघत होती. मी काय घेते, किती घेते. मी पोळी मोडली की तिची नजर त्या तुकड्याबरोबर माझ्या तोंडापर्यंत यायची. जेवण झाल्यावर ओट्यापाशी मला म्हणाली, हळूच, "ताई, एक विचारू? रागावू नका. मनातून भीती वाटत असेल, नाही म्हणायचं असेल, तर तसं सांगा. वजन वाढवून नाही म्हणू नका. मी काही बोलणार नाही. मीसुद्धा घाबरले असते."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिला वाटतंय मी मुद्दाम खाते! नापास व्हायला!

ओरडावंसं वाटलं. पण तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं. ब्लाउजला पिन लावलेली, बटण तुटलंय, लावायला वेळ नाही. मी एवढंच म्हटलं, "मला भीती वाटते. खूप वाटते. पण मी द्यायचं ठरवलंय. आणि मी चोरून खात नाही."

ती ओट्याला टेकून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. विश्वास बसला की नाही, माहीत नाही. तिच्या जागी माझा बसला नसता.

२८ फेब्रुवारी

आज एक नवलच घडलं.

मैद्याची गाडी आली. गोण्या उतरवणारा माणूस आला नव्हता. भट्टी तापलेली, पीठ हवंच. काका म्हणाले, "दोघं मिळून ओढू." ते दुसरं टोक धरायला फिरेपर्यंत मी गुडघे वाकवले, शिट्टी सांगते तशी पाठ ताठ ठेवली, गोणी छातीशी घेतली आणि उभी राहिले. नुसती उभी राहिले! मग चालत आत गेले आणि फळीवर ठेवली. वीस वर्षं त्या बेकरीत आहे. ती गोणी मी आजवर फक्त फरपटत नेलीय.

काका भट्टीचं फावडं धरून बघत राहिले. "ताई... तुम्हीच?"

मी परत गेले आणि दुसरी आणली. खरं तर गरज नव्हती. मलाच बघायचं होतं, पहिली खोटी होती का.

पिठाने अंग पांढरं झालं होतं. मोरीतल्या आरशात पाहिलं. बाही वर केली. दंडावर काहीतरी होतं. हात वळवला की ते हलायचं — कातडीखाली झोपलेलं कुणीतरी कुशीवर वळावं तसं. हे कधी आलं? कुणाला विचारून आलं? बोट लावून पाहिलं. घट्ट! माझंच होतं, तरी परक्याला हात लावल्यासारखी लाजले.

३ मार्च

सलवारीची नाडी पूर्वीपेक्षा वीतभर जास्त लोंबते. काटा वर, नाडी खाली. माझ्या शरीरात दोन कारकून बसलेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

नवऱ्याला दाखवलं. त्याने नाडी पाहिली, मला पाहिलं. म्हणाला, "मला काही कळत नाही. पण जिना चढताना तू बोलत होतीस मघाशी. पूर्वी तिसऱ्या पायरीपासून गप्प व्हायचीस."

८ मार्च

फोटो काढला. पोटावर थंडगार चिकट जेल लावून सोनोग्राफीवाली पोरगी वरून यंत्र फिरवत राहिली, फिरवत राहिली. चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं, कसं आहे? "सर सांगतील." मग नळीसारख्या मोठ्या यंत्रातून एक.

त्याआधी वजन केलं. जानेवारीपेक्षा जवळजवळ तीन किलो जास्त. नर्सने आकडा लिहिला आणि भुवई उचलली. बाहेर बाकावर भावजय बसली होती. तिला आकडा सांगितला. तिने माझा हात हातात घेतला.

उत्तर परवा.

१० मार्च

मी लिहितेय आणि अक्षर वाकडं येतंय.

सर्जनांनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. पहिला जानेवारीचा. लिव्हर पांढुरकं, धुकं पडल्यासारखं. दुसरा परवाचा. धुकंच नाही! काळसर, स्वच्छ, आतल्या नसा झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतायत.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"तुमचंच."

"पण माझं वजन तर —"

"वजन वाढलंय. चरबी गेलीय. लिव्हरमधली जवळजवळ सगळी." ते खुर्चीत मागे टेकले. "वजन न उतरता असं उतरलेलं फार कमी पाहिलंय मी. बाई, तुम्ही केलंत काय?"

मी म्हटलं, "शिट्टी सांगेल ते."

आहाराच्या बाईंनी माझा दंड दाबून पाहिला. म्हणाल्या, वाढलंय ते हे. स्नायूला वजन असतं, तो पाणीही धरून ठेवतो. तुमच्या अंगात कधी नव्हताच तो, म्हणून काट्यावर एवढा दिसला. चरबी जात होती आणि तिच्या जागी हे येत होतं. म्हणजे मी काट्यावर उभी राहून रडत होते, तेव्हा आत काम चालूच होतं! मी चिडले तरी चालू. मी झोपले तरी चालू. आई म्हणाली चोरून खातेस, भावजय म्हणाली मुद्दाम करता, मी स्वतः म्हटलं हे शरीर वैरी आहे — आणि ते बिचारं ऐकत होतं फक्त एवढंच, की हिला भावाला काहीतरी द्यायचंय, नीट करून ठेवूया.

दाराबाहेर आले. भावजय उभी राहिली. मी मान डोलावली. तिने मला अशी मिठी मारली की दोघींचा तोल गेला. "ताई, मी काय काय बोलले तुम्हाला —" म्हटलं, गप्प.

बारक्याला फोन केला. आधी सर्जनांचं वाक्य दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे आता तुझ्यावर हात उचलायची सोय नाही."

११ मार्च

तारीख मिळाली. सत्तावीस.

काकांना आज सांगितलं सगळं. आवाज बारीक केला नाही त्यांनी. म्हणाले, "मग गोण्या आता मी उचलतो. तुमची कमाई फुकट जायला नको."

२१ मार्च

नवऱ्याने संमतीच्या कागदावर सही केली. पेन उघडून बराच वेळ बसला होता. मला म्हणाला, "तू गेलीस तर?" मी म्हटलं, जाणार नाही. "पण गेलीस तर?" त्याने सही केली, मग उठून कपड्यांना इस्त्री करत बसला. माझे सगळे कपडे. उशांचे अभ्रेसुद्धा.

मीही घाबरलेय. पण ही पूर्वीची भीती नाही. मोठ्या पाण्याकडे बघताना वाटते तशी काहीतरी आहे. मागे फिरावंसं वाटत नाही.

२६ मार्च

दाखल झाले. बारक्या शेजारच्या खोलीत. मधल्या भिंतीवर टकटक करतो. मीही करते. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. वेळेवर होतंय. आणखी महिना निघाला नसता, असं सर्जन नवऱ्याला म्हणाले. मला ऐकू आलं.

२७ मार्च

मी ऑपरेशनचा गाऊन घालून पडले होते. केस टोपीत. ढकलगाडी दारात. सर्जन आले आणि पलंगाच्या कडेला बसले. त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"तुमची गरज लागणार नाही," म्हणाले.

मला वाटलं, बारक्या गेला.

"नाही, नाही! तो ठीक आहे. त्याचं नाव अवयवाची वाट बघणाऱ्यांच्या यादीतही होतं ना? एक लिव्हर आलंय. अपघातातल्या माणसाचं. घरच्यांनी हो म्हटलं. त्याच्या मापाचं आहे, उत्तम आहे, पूर्ण आहे. तुम्हाला कापायचं कारण नाही."

"कुणाचं?"

"ते सांगता येत नाही."

गाडी माझ्या दारातून रिकामी गेली आणि बारक्याला घेऊन गेली.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला. नवरा तर भिंतीला धरून खाली बसला. पण मला लाजही वाटली आणि थोडं लुटल्यासारखंही. एवढं तयार केलं, एवढं! मग तेही गेलं आणि एकच गोष्ट उरली. मला ठरवायला कितीतरी दिवस मिळाले. रडायला, चिडायला, गोण्या उचलायला वेळ मिळाला. त्या घराला किती मिळाला असेल? कुणीतरी येऊन सांगितलं असेल, तुमचा माणूस गेला, आणि त्याच श्वासात विचारलं असेल, देता का? आणि ते हो म्हणाले! ओळख ना देख. बारक्या कोण, त्यांना काय माहीत.

मी गाऊनवरच खिडकीपाशी उभी राहिले. खाली रस्ता. शेकडो घरं. त्यांतलं कुठलं? सगळ्यांनाच हात जोडले.

२९ मार्च

काचेतून पाहू दिलं. बारक्याने डोळे उघडले.

पांढरे! डोळे पांढरे व्हायला लागलेत त्याचे! मी विसरलेच होते, हे पांढरे असतात.

भावजय काचेला कपाळ टेकून उभी होती. तिच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, ती पुसायची, परत व्हायची.

२ एप्रिल

बारक्याला वॉर्डात आणलं. मी दिवसभर तिथेच असते. शेजारच्या पलंगावर एक मुलगी आहे, चारेक वर्षांची. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, डोळे पिवळे. आज माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तू पैलवान आहेस?" मी दंड काढून दाखवला. ती दोन्ही हातांनी लोंबकळली. उचलली तर वजनच नाही! पाखरू.

बाप रंगारी आहे. नखांत निळा रंग. म्हणाला, "माझं जुळलं नाही. हिच्या आईचंही नाही. एवढ्या लहान पोराला मोठ्या माणसाचा नुसता एक कोपरा पुरतो म्हणतात. पण तोही मिळायला हवा ना." तक्रार नव्हती आवाजात. हवापाण्याचं बोलावं तसं बोलला.

ती मला सोडेना. "अजून उचल."

५ एप्रिल

रुग्णालयातल्या दात्यांचं बघणाऱ्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "आता तुम्ही मोकळ्या. फाईल बंद करते या आठवड्यात. मनासारखं खा-प्या!"

घरी नवऱ्याने भात केला होता. वाफा येत होत्या. माझ्या ताटात वाढायला डाव उचलला.

मी म्हटलं, "नको. एवढ्यात नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं. डाव तसाच हातात. मी त्याला त्या मुलीबद्दल सांगितलेलं होतं. ती लोंबकळते तेसुद्धा. माझं रक्त कुणालाही चालतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. त्याने भात परत पातेल्यात ठेवला, झाकण घातलं, आणि बाहेर जाऊन बराच वेळ पायरीवर बसला.

६ एप्रिल

सकाळी त्या बाईंना सांगितलं, माझी फाईल बंद करू नका.

फोन नवऱ्यानेच लावून दिला.